तालुक्याच्या गावातील सोनोग्राफी केंद्र : तीन तपासण्यांनंतरचा अभिप्राय

माझ्या दुसऱ्या गरोदरपणात गेल्या पाच महिन्यांत मी आमच्या तालुक्याच्या गावातील एका खासगी सोनोग्राफी केंद्रात तीन वेळा तपासणी करून घेतली. पहिली तपासणी १२ व्या आठवड्यात झाली, दुसरी १९ व्या आठवड्यात आणि तिसरी गेल्या मंगळवारी, ३२ वा आठवडा संपताना. वाशीम जिल्ह्यातील आमच्यासारख्या खेड्यांतून या केंद्रात जाणाऱ्या बायकांना आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या सासू-नणंदांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मात्र मी लिहीत नाही. तालुक्याच्या गावात अशी दोनच केंद्रे आहेत, त्यांपैकी दुसऱ्याविषयी मला लेखी तक्रार करावी लागली आहे, आणि एकाचे नाव लिहिले की दुसऱ्याचे आपोआप कळते. तक्रारीचा निकाल लागण्यापूर्वी कोणाचे नाव चव्हाट्यावर आणणे मला योग्य वाटत नाही.

तक्रारीचा प्रसंग आधी सांगते, कारण त्याशिवाय मी या केंद्राची एवढी स्तुती का करते हे कळणार नाही. पहिल्या तपासणीसाठी आम्ही प्रथम त्या दुसऱ्या केंद्रातच गेलो होतो. तेथील खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने माझे नाव-गाव विचारले, पहिली मुलगी चार वर्षांची आहे हे ऐकले आणि एक कोरा अर्ज पुढे सरकवून खाली सही करायला सांगितले. बाकीचे आम्ही भरून घेऊ, असे तो म्हणाला. मी अर्ज भरल्याशिवाय सही करणार नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केले आणि सासूबाईंकडे वळून हळू आवाजात सांगितले, ‘पुढच्या महिन्यात या आजी, तवा सारं दिसते, मंग बोलून घेऊ.’ सासूबाईंच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती मी पाहिली, आणि त्याच क्षणी आम्ही तेथून बाहेर पडावे असे मी माझ्या पतींना सांगितले. ते थोडे घुटमळले, पण माझ्याबरोबर आले. तालुक्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार द्यायला मला पुढे तीन आठवडे लागले, आणि त्या विलंबाची खंत मला आजही आहे.

आता या केंद्राविषयी. बसस्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, औषधाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर ते आहे. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. आमच्या गावाहून काळीपिवळीने निघाले की रस्ता आणि थांबे धरून पाऊण तास लागतो, आणि त्यानंतर मूत्राशय भरलेले ठेवून तो जिना चढणे ही आठव्या महिन्यातील बाईसाठी सोपी गोष्ट नाही. प्रतीक्षागृहात पंखे आहेत, पिण्याचे पाणी आहे, आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ आहे. ज्या तपासणीत पाणी पिऊन थांबायला सांगतात, तेथे ही सोय किती मोलाची आहे हे थांबलेल्या बाईलाच कळते.

दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र दिसते आणि त्याच्या शेजारी मराठी व इंग्रजीत फलक लावलेला आहे की येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही व तो कायद्याने गुन्हा आहे. असा फलक लावणे प्रत्येक केंद्राला बंधनकारकच आहे, तेव्हा त्याचे वेगळे कौतुक नाही. कायद्याची व नियमांची एक प्रत केंद्रात ठेवून मागणाऱ्याला वाचायला द्यावी, असाही नियम आहे. मी ती मागितली तेव्हा येथील मुलीने कपाटातून लगेच काढून दिली. पाने हाताळलेली होती, म्हणजे माझ्याआधीही कोणी तरी ती वाचली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वाचायची सवय आहे. पण प्रतीक्षागृहातील दीड तासात कोणालाही त्यातील मुख्य चार-पाच कलमे सहज वाचता येतील.

आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्धचा असा कायदा देशात सर्वांत आधी केला. केंद्र सरकारचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून सेहत व मासूम या आरोग्याच्या क्षेत्रातील संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बंदीखाली आली. निदान करून मागणाऱ्या नातेवाइकाला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आमच्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. शिक्षा फक्त डॉक्टरलाच होते असा सार्वत्रिक समज आहे. गर्भवती स्त्रीबाबत मात्र कायदा असे गृहीत धरतो की, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत, तिच्यावर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली होती. ज्याने हे कलम लिहिले त्याला आपली घरे आतून माहीत असावीत.

या केंद्रात कायद्याने ठरवून दिलेला ‘एफ’ नमुन्यातील अर्ज माझ्यासमोर बसून, एकेक रकाना वाचून दाखवत भरला गेला. त्यात हयात मुलगे किती, मुली किती, त्यांची वये काय, कोणत्या डॉक्टरांनी व कशासाठी पाठवले, हे सारे विचारलेले असते. शेवटी गर्भवतीचे निवेदन असते की या तपासणीतून मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचेही निवेदन असते की मी ते शोधलेले नाही व कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितलेले नाही. या अर्जांचा अहवाल दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्राधिकाऱ्यांकडे पोहोचवावा लागतो. म्हणूनच कोऱ्या अर्जावर सही मागणारे केंद्र आणि रकाने वाचून दाखवणारे केंद्र यांत जो फरक आहे, तो यंत्राच्या किमतीपेक्षा किंवा खुर्च्यांच्या गाद्यांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या तपासणीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवतात, हृदयाचे ठोके पाहतात आणि मानेच्या मागच्या बाजूला साचलेल्या द्रवाची जाडी मोजतात. ही जाडी ११ ते जवळपास १४ आठवड्यांच्या दरम्यानच मोजायची असते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ असे म्हणून ही तपासणी टाळू नये. डॉक्टर मॅडमनी हे सर्व दहा-बारा मिनिटांत केले. पण त्या दिवशी मला सर्वाधिक आश्वस्त केले ते त्यांच्या एका प्रश्नाने. माझे माहेर कोठले, असे त्यांनी विचारले. गडचिरोली जिल्हा, असे सांगताच त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आमच्या माहेरच्या भागात बराच आढळतो. मी त्याची वाहक आहे, म्हणजे मला आजार नसला तरी दोष माझ्याकडून बाळाकडे जाऊ शकतो, हे मला महाविद्यालयात असल्यापासून माहीत आहे. पतींची नळीत रक्त टाकून करतात ती साधी चाचणी पहिल्या बाळंतपणाच्या वेळी झाली होती व ती निर्दोष आली होती. मॅडमनी समजावले की ती चाचणी सिकलचा दोष दाखवते, मात्र थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहक असणे त्यातून कळत नाही. आणि आई सिकलची वाहक व वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तरीही बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. दोघे पालक सिकलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक असते, मग मुलगा असो की मुलगी, कारण हा दोष ११ व्या गुणसूत्रावर असतो आणि त्याचा लिंगाशी संबंध नाही. अशा जोडप्यासाठी वारेचा (प्लॅसेंटाचा) सूक्ष्म तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन बाळाची तपासणी करण्याची परवानगी हाच कायदा देतो. त्या तपासणीत गुणसूत्रे डोळ्यांसमोर असतात, तरीही लिंग सांगायचे नसते. माझ्या पतींचे रक्त आठवडाभरात सविस्तर तपासून घेतले, अहवाल निर्दोष आला, आणि माझ्या मनावरचा खरा भार उतरला. पाच वर्षांच्या संसारात ‘पोटात काय आहे’ हे मला अनेकांनी विचारले. बाळाला सिकलचा धोका आहे का, हे विचारणारी पहिली व्यक्ती या केंद्रातील डॉक्टर होती.

दुसरी तपासणी म्हणजे बाळाच्या अवयवांची सविस्तर पाहणी. तीच १८ ते २० आठवड्यांत करतात, आणि आमच्या भागात नेमकी तीच तपासणी बदनाम झाली आहे. सासूबाई त्या दिवशी आत आल्या होत्या. मॅडमनी पडद्यावर मला हृदयाचे चार कप्पे दाखवले, पाठीचा कणा मोत्यांच्या सरीसारखा दाखवला, ओठ अखंड आहेत हे सांगितले, जठर, दोन्ही मूत्रपिंडे, हातापायांची हाडे, वारेची जागा, गर्भजल असे एकेक पाहत गेल्या. कंबरेखालचा भाग तपासताना त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला आणि तसे का केले तेही सांगितले. तेव्हा सासूबाईंना राहवले नाही. त्या हात जोडून म्हणाल्या, ‘मॅडम, पयली पोट्टी हाये, म्हून इचारते. काय हाये थे सांगून टाका, मी कोनाले सांगत नाई.’

अशा वेळी डॉक्टर काय करतात यावर मी केंद्राची पारख करते. भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून गप्प बसवणारे डॉक्टर मी पहिल्या बाळंतपणात पाहिले आहेत. त्यांनी कायदा पाळला हे खरे, पण म्हातारी माणसे अपमानित होऊन घरी गेली आणि त्या अपमानाचे उट्टे सुनेवर निघाले. या मॅडमनी यंत्र बाजूला ठेवले, सासूबाईंना स्टुलावर बसायला सांगितले आणि त्यांच्याशी तपासणीइतकाच वेळ बोलल्या. ‘मावशी, सांगणार नाही, आणि का नाही ते सांगते,’ अशी त्यांनी सुरुवात केली.

त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडते, कारण हे बोलणे दर घरी व्हायला हवे. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. त्यातली एक जोडी लिंगाशी निगडित असते. बाईत ती एक्स-एक्स असते व पुरुषात एक्स-वाय. बाईच्या प्रत्येक बीजांडात एक्सच असतो, कारण तिच्याकडे दुसरे काही नसतेच. पुरुषाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असतो. एक्सवाला शुक्राणू बीजांडात शिरला तर मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा, आणि हे त्या एका क्षणी, गर्भ राहतानाच ठरून जाते. पुढे कोणते अन्न खाल्ले, कोणत्या कुशीवर झोपले, कोणता अंगारा लावला यांपैकी कशानेही त्यात बदल होत नाही.

सासूबाई शेतकरीण आहेत. त्यांनी लगेच विचारले, ‘म्हंजे पेरनारा पेरते तसं उगवते?’ मॅडम हो म्हणाल्या, आणि त्या वेळी ते उत्तर उपयोगी पडले, हे मी मान्य करते. तरीही विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला येथे एक दुरुस्ती नोंदवावीशी वाटते. बाई म्हणजे वावर आणि पुरुष म्हणजे बी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती अपुरी आहे, कारण २३ गुणसूत्रे आईची आणि २३ वडिलांची असतात. निम्मे बी तिचेच असते. शिवाय वडिलांकडून कोणता शुक्राणू पोहोचेल हे वडिलांच्याही हाती नसते. सुनेवरचा दोष काढून तो मुलाच्या माथी मारला तर घरातील भांडणाची फक्त बाजू बदलेल. येथे दोष नावाची गोष्टच नाही.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही, हेही मला सांगावेसे वाटते. साठवलेल्या धान्यात व पिठात होणाऱ्या एका किड्याचा अभ्यास करताना नेटी स्टीव्हन्स या अमेरिकेतील संशोधक बाईंच्या लक्षात आले की, नराच्या पेशीतील एका जोडीतले एक गुणसूत्र लहान असते आणि ज्या शुक्राणूत ते लहान गुणसूत्र येते त्यापासून नर जन्मतो. हे १९०५ सालचे काम आहे. ज्वारीच्या कोठीतील किड्यांशी आयुष्यभर झगडणाऱ्या माझ्या सासूबाईंना ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा त्यांना ती खरी वाटायला दोन दिवस लागले. वाय गुणसूत्रावरील नेमके कोणते जनुक वृषणाची घडण सुरू करते, ते मात्र १९९० मध्ये सापडले. त्याला एसआरवाय म्हणतात.

लिंग ठरते पहिल्या क्षणी, पण ते दिसते फार उशिरा, आणि या दोन गोष्टींच्या मधल्या काळातच सगळे भोंदू आपली दुकाने मांडतात. सुमारे सहा आठवड्यांपर्यंत मुलाचा व मुलीचा गर्भ अगदी सारखा असतो. ज्यातून पुढे अंडाशय किंवा वृषण होणार तो उंचवटाही एकच असतो. सातव्या आठवड्याच्या आसपास वाय असलेल्या गर्भात ते जनुक कामाला लागते, वृषण तयार होऊ लागते आणि त्यातून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे पुढची रचना बदलत जाते. बाहेरून पाहता नवव्या आठवड्यापर्यंत फरक कळत नाही, आणि बाराव्याच्या सुमारास तो स्पष्ट होऊ लागतो. सोनोग्राफीत तो खात्रीने दिसायला साधारण पाचवा महिना उजाडतो, आणि तेव्हाही बाळाची बसण्याची पद्धत किंवा मांड्यांमध्ये आलेली नाळ यांमुळे चूक होऊ शकते. ज्या देशांत असे सांगण्यास बंदी नाही, तेथे ते याच सुमारास आईला सांगतात. आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे सूक्ष्म अंश असतात हे डेनिस लो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, आणि त्यावर आधारलेली रक्तचाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. आपल्याकडे ती गुणसूत्रांतील दोष शोधण्यासाठी केली जाते आणि अहवालात लिंग लिहीत नाहीत.

आमच्या गावात मात्र वेगळीच शास्त्रे चालतात. आंबट खावेसे वाटले की मुलगा, गोड खावेसे वाटले की मुलगी. पोट टोकदार दिसले की मुलगा. उठताना उजवा हात टेकला की मुलगा. हल्ली यात एक शिकलेली भर पडली आहे, ती म्हणजे अहवालातील ठोक्यांचा आकडा १४० च्या वर असेल तर मुलगी. माझ्या पहिल्या अहवालातला आकडा १६२ होता, तो शेजारणीने वाचला आणि दोन दिवसांत गावभर झाला. बाराव्या आठवड्यात ठोके जास्तच असतात व दिवस भरत जातात तसे ते कमी होतात. पूर्ण वाढलेल्या गर्भात ११० ते १६० पर्यंतचा कोणताही आकडा सामान्य असतो, आणि त्यावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही. हे गैरसमज ऐकून सोडून देता येतात. सोडून देता येत नाही ते मुलगा होण्याचे म्हणून दिले जाणारे औषध. दिवस राहिल्यावर दीड-दोन महिन्यांच्या आत गाईच्या दुधातून घ्यायची पुडी मला पहिल्याही वेळी देण्याचा प्रयत्न झाला होता. लिंग आधीच ठरलेले असल्यामुळे त्या पुडीचा उपयोग शून्य आहे, आणि ज्या आठवड्यांत बाळाचे हृदय व मेंदू घडत असतात त्याच आठवड्यांत ती पोटात जाते. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा संबंध जन्मजात व्यंगांशी आढळला आहे. डॉक्टर मॅडमनी पहिल्या तपासणीत मला आपणहून विचारले होते, ‘कोणती पुडी घेतली आहे का? घेतली असेल तर रागावणार नाही, पण सांगा.’ हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरांनी अशाच स्वरात विचारावा.

सासूबाईंविषयी लिहिताना मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्यांना पहिल्या दोन मुलीच झाल्या होत्या, आणि माझ्या पतींचा जन्म होईपर्यंतची सात वर्षे त्यांनी या घरात कशी काढली ते त्यांनी मला एकदाच, तुरीच्या शेंगा सोलताना सांगितले. ज्या बाईला मुलगा झाल्यावरच घरात नाव मिळाले, ती सुनेच्या पोटाकडे पाहून घाबरते, तेव्हा त्या भीतीत काही अंशी माझ्याविषयीची काळजीही असते. मॅडमना हे कळले होते असे मला वाटते, कारण त्यांनी सासूबाईंना विचारले, ‘मावशी, तुमच्या दोन मुलींपैकी आता तुमच्याकडे कोण येते?’ सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. माझ्या मोठ्या नणंदबाई दर पंधरवड्याला येऊन त्यांची मधुमेहाची औषधे आणून देतात.

२०११ च्या जनगणनेत माझ्या माहेरच्या गडचिरोली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९६१ मुली होत्या, आणि सासरच्या वाशीम जिल्ह्यात ८६३. शेजारच्या बुलडाण्यात ८५५. सबंध राज्याचा आकडा ८९४ होता, दहा वर्षांपूर्वी तो ९१३ होता. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात, म्हणजे जंगलाच्या आणि गरिबीच्या जिल्ह्यात निसर्गाचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा राहिला, आणि ज्या पट्ट्यात रस्ते, दवाखाने व यंत्रे आधी पोहोचली तेथे तो मोडला. लग्न होऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेल्या बाईला हा फरक शाळेच्या हजेरीपटावर दिसतो; माझ्या पहिल्या वर्षीच्या पाचवीच्या वर्गात १९ मुलगे आणि ११ मुली होत्या. एका वर्गावरून निष्कर्ष काढू नये हे मी मुलांना शिकवते, पण तो पट मी विसरू शकले नाही.

तिसरी तपासणी वाढीची होती. बाळाचे डोके खाली आहे, वजन आठवड्यांना साजेसे आहे, गर्भजल पुरेसे आहे, वार वर आहे. या वेळी सासूबाईंनी आपणहून विचारले, ‘पानी बराबर हाये ना?’ आणि पुढे काही विचारले नाही. मात्र ग्रामदेवतेला नातवाचा नवस त्यांनी बोलला आहे आणि तो परत घेतलेला नाही, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते. एका डॉक्टरांच्या वीस मिनिटांच्या बोलण्याने साठ वर्षांची समजूत जात नाही.

केंद्रातील उणिवाही लिहायला हव्यात. अहवाल पूर्ण इंग्रजीत असतो. मॅडम तोंडी मराठीत समजावतात, पण घरी गेल्यावर तो कागद कोणाच्याही हाती पडतो आणि ठोक्यांच्या आकड्यासारखे गैरसमज तेथूनच जन्मतात. शेवटी मराठीत चार ओळी छापल्या, तर फार मोठे काम होईल. दिलेली वेळ पाळली जात नाही. १९ व्या आठवड्याच्या तपासणीसाठी मला ११ ची वेळ दिली होती आणि पावणेदोनला आत बोलावले, त्यात एका तातडीच्या रुग्णामुळे झालेला उशीर अर्ध्या तासापेक्षा जास्त नव्हता. जिन्याविषयी आधी लिहिलेच आहे, निदान कठडा तरी दोन्ही बाजूंनी हवा. आणि सर्वांत मोठी अपेक्षा अशी की, जे बोलणे मॅडमनी माझ्या सासूबाईंशी आत केले, ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांशी आठवड्यातून एकदा तरी व्हावे. आमच्या आशाताई त्यासाठी यायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे.

मला पहिल्या तपासणीचे ९००, दुसरीचे १,८०० आणि तिसरीचे १,००० रुपये पडले, आणि तिन्ही वेळा पावती न मागता मिळाली. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिरात जावे. तेथे तपासणी विनामूल्य असते आणि सोनोग्राफीसाठी कोठे व केव्हा जायचे ते आशाताई सांगतात. मीही माझी रक्ताची व रक्तदाबाची तपासणी तेथेच करून घेते. दुसरे अपत्य मुलगी झाल्यास पात्र मातेला मातृवंदना योजनेतून ६,००० रुपये मिळतात, आणि पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला लेक लाडकी योजनेतून ती अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात, हे ज्या घरात पैशाचे कारण पुढे केले जाते तेथे जरूर सांगावे. आमची शिधापत्रिका पांढरी असल्यामुळे दुसरी योजना आम्हाला लागू नाही.

केंद्र रविवारी बंद असते. सकाळच्या पहिल्या काळीपिवळीने गेल्यास नंबर लवकर लागतो. जाताना आधार कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे सर्व अहवाल बरोबर न्यावेत, आणि पतीचा सिकलसेल व थॅलेसेमियाचा अहवाल असेल तर तोही न विसरता न्यावा. नसेल तर बाराव्या आठवड्याच्या आत तो करून घ्यावा.